‘जिद्दी’ला इंग्रजीत ‘स्टबर्न’ म्हणू नका: ऊर्मी आणि हेतू सांगणारी इंग्रजी विशेषणं नेमकी कशी वापरायची

शिफारसपत्रात कुणीतरी मनापासून कौतुक करायला बसतं आणि लिहितं, ‘शी इज अ व्हेरी स्टबर्न गर्ल.’ मनात असतं ‘मुलगी फार जिद्दी आहे’. वाचणाऱ्याला कळतं ‘मुलगी हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही’. व्याकरणात चूक नाही, स्पेलिंगमध्ये चूक नाही, तरी पत्राचा अर्थ उलटा झाला.

या चुकीचं मूळ शोधण्यासारखं आहे. मराठीत ‘जिद्द’ म्हणजे शाबासकी. हिंदीत तोच शब्द हट्टासाठी वापरतात. बरेच शब्दकोश आणि ॲप हिंदी अर्थावरून इंग्रजी शब्द देतात आणि मराठी माणूस तो विश्वासाने उचलतो. आपल्या ‘जिद्दी’ला इंग्रजीत जवळचा शब्द आहे ‘डिटर्मिन्ड’.

माणूस एखादी गोष्ट का करतो आणि किती नेटाने करतो हे सांगणाऱ्या प्रत्येक विशेषणात बोलणाऱ्याचा निवाडा दडलेला असतो. ‘उंच’, ‘लाल’, ‘जड’ या शब्दांत तो नसतो. ‘ॲम्बिशस’, ‘पुशी’, ‘झेलस’, ‘मर्सिनरी’ या शब्दांत असतोच. द्विभाषिक कोश बहुतेक वेळा जोर किती तेवढंच सांगतो, निवाडा सांगत नाही. म्हणून शब्द निवडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. हे वागणं मला पटतंय की खटकतंय? ही ओढ आतून आली आहे की बाहेरच्या कशामुळे? आणि ती कशाकडे आहे: कामाकडे, त्यातून मिळणाऱ्या फळाकडे, की कुणा माणसाच्या भल्याबुऱ्याकडे? ही तीन उत्तरं हाती असली की निम्मे शब्द आपोआप गळतात.

जिद्द, चिकाटी, चिवटपणा, हट्ट

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

‘डिटर्मिन्ड’ हा मनाचा निश्चय आहे. काम सुरू व्हायच्या आधीही माणूस ‘डिटर्मिन्ड’ असू शकतो. ‘शी इज डिटर्मिन्ड टु पास धिस टाइम’ हे वाक्य तिने पुस्तक उघडायच्या आधी म्हटलं तरी खरं. ‘पर्सिस्टंट’ला मात्र पुरावा लागतो. तीनदा नकार आला आणि तरी चौथ्यांदा अर्ज केला, तर तो माणूस ‘पर्सिस्टंट’. एकदाच अर्ज करून वाट बघत बसलेल्याला तो शब्द लागत नाही, निश्चय कितीही पक्का असो. थोडक्यात, ‘डिटर्मिन्ड’ मनात असतं आणि ‘पर्सिस्टंट’ कृतीत दिसतं.

‘टेनेशस’चं मूळ लॅटिन ‘टेनेरे’, म्हणजे धरून ठेवणं. पकड न सोडणारा तो ‘टेनेशस’. मराठीत याला ‘चिवट’ अगदी नेमका बसतो. हरत आलेला सामना शेवटच्या क्षणापर्यंत खेचणारा खेळाडू, धागा न सोडणारा वार्ताहर, यांच्यासाठी हा शब्द राखून ठेवावा. ‘चिकट’ मनात धरून ‘स्टिकी’ लिहिलं, तर इंग्रजीत हाताला चिकटणारा पदार्थच डोळ्यांपुढे येतो.

‘स्टबर्न’ कुठे येतो? समोरच्याने सबळ कारण दिलं, मत बदलायला वाव होता, तरी हा हलला नाही, तिथे. ‘ऑब्स्टिनेट’ तोच अर्थ अधिक औपचारिक आणि अधिक कडक करून सांगतो. ‘पिग-हेडेड’ ही सरळ शिवी आहे, लेखी कामात नको. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी 1948 मध्ये बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात याच गुणाची गंमत क्रियापदासारखी चालवून दाखवली होती: मी ‘फर्म’, तू ‘ऑब्स्टिनेट’, तो ‘पिग-हेडेड फूल’. वागणूक एकच, फक्त बोलणाऱ्याची जवळीक बदलली. या विशेषणांचं सगळं मर्म त्या तीन पायऱ्यांत आहे.

यातले काही शब्द वस्तूंनाही लागतात, आणि तिथे त्यांची जात उघडी पडते. ‘पर्सिस्टंट कफ’ म्हणजे न हटणारा खोकला, ‘स्टबर्न स्टेन’ म्हणजे न निघणारा डाग. दोन्ही नकोशा गोष्टी. म्हणून माणसाला ‘पर्सिस्टंट’ म्हणताना वाक्यात काहीतरी चांगलं फळ दाखवावं: ‘हर पर्सिस्टंट एफर्ट्स पेड ऑफ.’ नुसतं ‘ही इज पर्सिस्टंट’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला पिच्छा पुरवणारा विक्रेताही आठवू शकतो.

उच्चाराचंही सांगायला हवं. ‘डिटर्मिन्ड’चा शेवट ‘मिन्ड’ असा आहे, ‘माइन्ड’ असा नाही, आणि आघात ‘टर्’वर. स्पेलिंगमध्ये शेवटी ‘माइन’ दिसतो म्हणून ‘डिटरमाइन्ड’ म्हणायची सवय सर्वत्र आहे. मुलाखतीत ती लगेच कानावर येते.

‘मोटिव्हेटेड’ आणि ‘ड्रिव्हन’ एक नव्हेत

‘मोटिव्हेटेड’ माणसाजवळ कारण असतं. ते कारण विचारता येतं, सांगता येतं: ‘मोटिव्हेटेड बाय क्युरिऑसिटी’, ‘मोटिव्हेटेड टु लर्न’. ‘ड्रिव्हन’ हे ‘ड्राइव्ह’ क्रियापदाचं तिसरं रूप. कुणीतरी हाकतंय, हा हाकला जातोय. नोकरीच्या जाहिरातीत ‘ड्रिव्हन’ ही मागणी असते, तिथे ती स्तुतीच. पण घरच्या माणसाने काळजीच्या सुरात ‘ही इज सो ड्रिव्हन’ म्हटलं, तर अर्थ ‘याला स्वस्थ बसताच येत नाही’ याकडे झुकतो. मराठीत ‘ध्येयवेडा’ आणि ‘पछाडलेला’ यांच्यामधली जागा या एका शब्दाने भरलेली आहे. कुठल्या टोकाला आहोत ते भोवतालच्या शब्दांनी दाखवावं लागतं.

‘ड्रिव्हन बाय’च्या पुढे बहुतेकदा मोठी, अनावर भावना येते: लोभ, भीती, गरज, मत्सर. ‘ड्रिव्हन बाय ग्रीड’ सहज वाटतं. ‘ड्रिव्हन बाय अ स्मॉल बोनस’ विचित्र वाटतं, कारण छोट्या बोनसने माणूस हाकला जात नाही, फार तर ‘मोटिव्हेटेड’ होतो.

जोडशब्दांत नियम सोपा आहे: जोडरेषेच्या आधी जे नाम, तेच हाकणारं. ‘डेटा-ड्रिव्हन डिसिजन’ म्हणजे आकडेवारीने ठरवलेला निर्णय, ‘प्रॉफिट-ड्रिव्हन कंपनी’ म्हणजे नफ्यासाठी चालणारी कंपनी. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात बहुधा टीका. फरक ‘ड्रिव्हन’मध्ये नाही, आधीच्या नामात आहे.

आता एक बारीक पण महागात पडणारी जागा. ‘मोटिव्हेटेड’च्या आधी क्षेत्र सांगणारं क्रियाविशेषण आलं की शब्दाचा रंग पालटतो. ‘हायली मोटिव्हेटेड’ म्हणजे उमेद भरपूर, ही स्तुती. ‘पॉलिटिकली मोटिव्हेटेड’ म्हणजे वरून दिसणाऱ्या कारणाआड राजकारण आहे, हा आरोप. ‘फायनान्शियली मोटिव्हेटेड’ही त्याच जातीचा. एखाद्या कार्यकर्त्याला राजकारणाची मनापासून आवड आहे असं सांगायचं असेल, तर ‘पॅशनेट अबाउट पॉलिटिक्स’ म्हणा. ‘पॉलिटिकली मोटिव्हेटेड’ म्हटलंत तर त्याच्यावर शिंतोडा उडतो.

उलट अर्थाचे शब्दही तपासून घ्या. ‘अनमोटिव्हेटेड’ला उमेद नाही. ‘डीमोटिव्हेटेड’ला होती, पण कशाने तरी गेली. म्हणून वरिष्ठांना पत्र लिहिताना ‘द टीम इज डीमोटिव्हेटेड’ म्हटलं की पुढे कारण द्यावं लागतं, नाहीतर वाक्य अर्धवट राहतं. गुन्ह्याच्या बातमीत मात्र ‘अनमोटिव्हेटेड अटॅक’ म्हणजे काहीही कारण नसताना झालेला हल्ला. तिथे आळसाचा संबंध नाही.

आणि ‘आय ॲम व्हेरी मोटिव्हेटिंग’ असं स्वतःबद्दल लिहू नका. ‘मोटिव्हेटिंग’ म्हणजे इतरांना उमेद देणारं. भाषण ‘मोटिव्हेटिंग’, ऐकणारे ‘मोटिव्हेटेड’.

महत्त्वाकांक्षी आणि होतकरू

‘ॲम्बिशस’ लॅटिन ‘अंबिरे’वरून आला, म्हणजे भोवती फिरणं. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहिलेले लोक मतं मागत फिरायचे, त्या फिरण्यावरून ‘ॲम्बिशन’. स्वतःला काहीतरी हवंय हा भाग शब्दात तेव्हापासून आहे. आज माणसाबद्दल तो बहुतेकदा चांगल्या अर्थाने येतो, पण ‘ओव्हर-ॲम्बिशस’ हा कायम दोष.

‘होतकरू तरुण’ला ‘ॲम्बिशस यंग मॅन’ लिहिणं चूक. होतकरू म्हणजे ज्याच्याकडून इतरांना आशा आहे, इंग्रजीत ‘प्रॉमिसिंग’. ‘ॲम्बिशस’ म्हणजे ज्याला स्वतःला आशा आहे. एकच मुलगा दोन्ही असू शकतो, पण गुण दोन आहेत.

योजनेला, वेळापत्रकाला ‘ॲम्बिशस’ लागला की अर्थ ‘मोठी आणि अवघड’. बैठकीत कुणी तुमचा आराखडा पाहून ‘दॅट्स क्वाइट ॲम्बिशस’ म्हणालं, तर बऱ्याचदा ती सौम्य शंका असते. धन्यवाद म्हणून पुढे जाऊ नका. कोणता टप्पा अवघड वाटतो ते विचारा.

उत्सुकतेचे शब्द

‘ईगर’ म्हणजे आतुर. त्यात थोडी अधीरता आहे. ‘ईगर टु स्टार्ट’, ‘ईगर फॉर न्यूज’. ‘कीन’ ब्रिटिश इंग्रजीत जास्त चालतो आणि त्याच्या दोन जोड्या पाठ असाव्यात: ‘कीन टु’नंतर क्रियापदाचं मूळ रूप, ‘कीन ऑन’नंतर नाम किंवा ‘इंग’ रूप. ‘कीन टु जॉइन’, ‘कीन ऑन जॉइनिंग’. ‘एन्थुझिॲस्टिक’ आणि ‘पॅशनेट’ दोघांपुढे ‘अबाउट’. ‘पॅशनेट टुवर्ड्स टीचिंग’ असं अर्जाअर्जांत दिसतं, ते ‘पॅशनेट अबाउट टीचिंग’ हवं.

‘अँक्शस’ दोन तोंडांचा आहे. ‘अँक्शस टु मीट यू’ म्हणजे भेटायची फार इच्छा. ‘अँक्शस अबाउट मीटिंग यू’ म्हणजे भेटीची धास्ती. एका छोट्या शब्दाने अर्थ फिरतो, म्हणून औपचारिक पत्रात इच्छा सांगायला ‘ईगर’च बरा.

‘झेलस’ आणि ‘जेलस’ यांची कहाणी मराठी कानाला विशेष त्रासाची. दोघांचं मूळ एकच, ग्रीक ‘झेलोस’. त्यात उत्कट आवेशही होता आणि मत्सरही. इंग्रजीत वाटण्या झाल्या: ‘झेड’ने सुरू होणाऱ्याकडे आवेश, ‘जे’ने सुरू होणाऱ्याकडे मत्सर. आपल्याकडे ‘झ’ आणि ‘ज’ बोलताना सहज मिसळतात, आणि ‘ही इज झेलस अबाउट हिज वर्क’ हे कौतुक ऐकणाऱ्याला मत्सरासारखं ऐकू येतं. दुसरी अडचण अशी की ‘झील’ हे नाम दीर्घ आहे म्हणून लोक विशेषणही ‘झीलस’ म्हणतात. विशेषणात तो स्वर ऱ्हस्व होतो. बोलताना खात्री नसेल तर ‘डेडिकेटेड’ म्हणून मोकळं व्हावं. लिहिताना ‘झेलस’ जपून वापरा, कारण त्यात अतिरेकाची छटा आहे आणि ‘ओव्हरझेलस’ तर उघड तक्रार.

‘टु’ची परीक्षा

‘कमिटेड टु फिनिश’ की ‘कमिटेड टु फिनिशिंग’? इथे पाठांतर नको, एक परीक्षा पुरते. ‘टु’च्या पुढे क्रियापदाऐवजी नाम ठेवून पाहा. ‘कमिटेड टु द प्रोजेक्ट’ बरोबर वाटतं, म्हणजे हा ‘टु’ शब्दयोगी आहे आणि त्याच्यापुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ रूपात येईल: ‘कमिटेड टु फिनिशिंग’. ‘डिटर्मिन्ड टु द प्रोजेक्ट’ मात्र मोडकं वाटतं, म्हणून ‘डिटर्मिन्ड टु फिनिश’. याच परीक्षेने ‘डेडिकेटेड टु हेल्पिंग’ आणि ‘विलिंग टु हेल्प’ वेगळे होतात. ‘रिलक्टंट’ (नाखूश) आणि ‘ईगर’ही ‘डिटर्मिन्ड’च्या बाजूला बसतात.

‘इन्टेन्ट’ आणि ‘बेन्ट’ यांना ‘ऑन’ लागतो, पुढे ‘इंग’ रूप किंवा नाम. दोघांचाही अर्थ एखादी गोष्ट करायचीच असं ठरवलेला. ‘इन्टेन्ट ऑन’ तटस्थ आहे. ‘बेन्ट ऑन’च्या पुढे बहुतेकदा सूड, विध्वंस, हट्टाची गोष्ट येते. ‘बेन्ट ऑन हेल्पिंग द पुअर’ ऐकून वाचक बुचकळ्यात पडेल.

हेतू सांगणारे शब्द

हेतूच्या शब्दांत अर्थाची चूक झाली तर माणसाच्या चारित्र्यावर बोट जातं, म्हणून इथे घाई नको.

‘अल्टीरिअर’ म्हणजे पलीकडचा. वर दिसणाऱ्या कारणापलीकडे लपवलेला हेतू तो ‘अल्टीरिअर मोटिव्ह’. हा शब्द जवळजवळ नेहमी ‘मोटिव्ह’ला चिकटून आणि त्याच्या आधीच येतो. ‘हिज मोटिव्ह वॉज अल्टीरिअर’ असं कुणी म्हणत नाही. ‘ही हॅड ॲन अल्टीरिअर मोटिव्ह’ म्हणतात.

‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांचा घोळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही आहे. ‘इंटरेस्ट’चे दोन अर्थ डोळ्यांपुढे ठेवा: रस आणि हितसंबंध. रस नसलेला ‘अनइंटरेस्टेड’. हितसंबंध नसलेला, म्हणून निःपक्षपाती, तो ‘डिसइंटरेस्टेड’. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ हवा, ‘अनइंटरेस्टेड’ झाला तर खटल्याचं वाटोळं. आज बरेच लोक ‘डिसइंटरेस्टेड’ ‘रस नसलेला’ या अर्थाने वापरतात आणि कोशांनीही त्याची नोंद घेतली आहे, तरी आमच्या मते हा भेद राखण्याजोगा आहे. तटस्थतेसाठी इतका नेमका शब्द सोडून देऊ नये. वाचकाचा गोंधळ होईल अशी भीती असेल तिथे ‘इम्पार्शल’ लिहा.

निःस्वार्थी माणसाला ‘सेल्फलेस’ म्हणावं, त्यात स्वतःला विसरून दुसऱ्यासाठी झिजण्याचा भाव आहे. ‘ॲल्ट्रुइस्टिक’ विचारांच्या चर्चेत जास्त शोभतो. मूळ फ्रेंच संज्ञा तत्त्वज्ञ ओग्युस्त कॉम्त यांनी घडवली आणि तिच्यामागे ‘दुसऱ्याचा’ या अर्थाचा शब्द आहे. आजीच्या आठवणीत ‘ॲल्ट्रुइस्टिक’ लिहिलं तर तो निबंधातला शब्द वाटेल.

स्वार्थाच्या बाजूला पायऱ्या जास्त आहेत. ‘सेल्फ-इंटरेस्टेड’ आपलं हित पाहणारा, यात फारशी निंदा नाही. ‘सेल्फिश’ दुसऱ्याचं नुकसान झालं तरी आपलंच पाहणारा. ‘सेल्फ-सर्व्हिंग’ हा आपल्या ‘आपमतलबी’च्या जवळचा, पण तो माणसापेक्षा त्याच्या बोलण्याला जास्त लागतो: ‘सेल्फ-सर्व्हिंग एक्स्क्यूज’. म्हणजे सबब अशी, की तिने सगळा दोष दुसऱ्यावर जातो आणि सांगणारा सुटतो. ‘सेल्फ-सर्व्हिस’शी गल्लत करू नका. ‘मर्सिनरी’ फक्त पैशासाठी करणारा, नाम म्हणून भाडोत्री सैनिक. हा जड शब्द आहे. पगारवाढ मागणाऱ्याला लावायचा नसतो.

‘कॅल्क्युलेटेड’ आणि ‘कॅल्क्युलेटिंग’ यांत एका प्रत्ययाचा फरक, पण ‘कॅल्क्युलेटेड रिस्क’ म्हणजे विचार करून घेतलेली जोखीम, चांगली गोष्ट. ‘कॅल्क्युलेटिंग’ माणूस म्हणजे दुसऱ्याला वापरायचे हिशेब मनात मांडणारा.

वाईट हेतूंत तिघांना वेगळं ठेवा. ‘व्हिंडिक्टिव्ह’ला आधीची दुखापत लागते, खरी किंवा मानलेली. डूख धरून बसलेला तो हा. ‘स्पाइटफुल’ क्षुद्र आहे, समोरच्याला लागावं एवढ्यासाठी टोचणारा. ‘मॅलिशस’मध्ये अपाय करण्याचा इरादा असतो आणि कायद्याच्या भाषेतही तो वजनाने येतो, म्हणून पुरावा नसताना तक्रारअर्जात तो टाकू नका.

आणि ‘वेल-मीनिंग’. सद्हेतूचा वाटतो, आहेही, पण बहुतेकदा त्याच्यामागून ‘पण’ येतो. ‘वेल-मीनिंग फ्रेंड’ म्हणजे भलं करायला गेला आणि काहीतरी बिघडवून आला. कुणाचे आभार मानताना हा शब्द घालू नका, ‘काइंड’ किंवा ‘जनरस’ घाला. सल्ल्याला ‘वेल-मेंट’ म्हणतात, त्यातही तोच ‘पण’ लपलेला असतो.

एक वाक्य हातात घेऊन

समजा लिहायचंय: ‘तो पैशासाठी नाही, पण आपलं नाव व्हावं म्हणून धडपडतो, आणि कितीदा अपयश आलं तरी सोडत नाही.’

पहिला मोह ‘सेल्फलेस’चा, कारण पैसा नाही. पण नाव हवंय, म्हणजे फळ हवंय. ‘सेल्फलेस’ गळाला. ‘मर्सिनरी’ही गळाला, पैसा नाही म्हणून. नावाची ओढ आतून आहे आणि थोर नसली तरी निंद्य नाही, म्हणून ‘ॲम्बिशस’ बसतो. ओढ फार तीव्र दाखवायची असेल तर ‘ड्रिव्हन बाय अ नीड फॉर रेकग्निशन’. मग दुसरा भाग. अपयशं झालेली आहेत, प्रयत्न पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून नुसतं ‘डिटर्मिन्ड’ कमी पडतं. पुन्हा पुन्हा करणं सांगायचं तर ‘पर्सिस्टंट’, पकड सांगायची तर ‘टेनेशस’. इथे ‘सोडत नाही’ हे शब्द आहेत, म्हणून ‘टेनेशस’.

झालं: ‘ही इज ॲम्बिशस रादर दॅन मर्सिनरी, अँड टेनेशस इन द फेस ऑफ फेल्यर.’

आता हेच वाक्य त्याच्या विरोधकाकडून लिहून पाहा. घटना एकही बदलायची नाही. ‘ॲम्बिशस’च्या जागी ‘सेल्फ-सीकिंग’ (आपलाच फायदा शोधणारा) येईल, ‘टेनेशस’च्या जागी ‘ऑब्स्टिनेट’. कुठल्याही विशेषणाबद्दल शंका आली की ही अदलाबदल करून पाहावी. विरोधकाच्या तोंडीही तोच शब्द शोभत असेल, तर तुमच्या शिफारसपत्रात तो नको. एकभाषिक लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात, अशा शब्दांपुढे ‘अप्रूव्हिंग’ (पसंतीचा) किंवा ‘डिसअप्रूव्हिंग’ (नापसंतीचा) अशी खूण अनेकदा दिलेली असते. अर्थ वाचायच्या आधी ती खूण पाहायची, आणि मग खालच्या उदाहरणांत शब्दापुढे ‘टु’ आहे, ‘ऑन’ आहे की ‘अबाउट’, ते वहीत शब्दासोबतच उतरवून घ्यायचं.